वाळूचे कण पुसायचे आहेत: भिंतीवरचा सुविचार काढायचा कसा, आणि मग तिथे काय?

महालकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न भिंतीचा आहे आणि थोडा भिंतीपलीकडचाही.

नागपुरातल्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत दारासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. भिंत १४ फूट रुंद, १० फूट उंच. अक्षरं सहा इंची, लाल ऑइल पेंटची, कडेला काळी सावली. मजकुराचा पट्टा साधारण ९ बाय २ फूट. खाली क्रीम रंगाचं डिस्टेंपर आणि त्याखाली बहुतेक चुना. काम २००८च्या सुमाराचं. मध्ये भिंत रंगवली तेव्हा पेंटरने अक्षरांच्या भोवतीने ब्रश फिरवला, त्यामुळे मजकुरामागे जुन्या रंगाचा चौकोन तसाच राहिलाय.

ओळ सगळ्यांची लाडकी आहे, तरी आता ती उतरवायची असं ठरलंय. स्पर्धा परीक्षेची मुलं तिच्याखाली रोज आठ-आठ तास बसतात आणि एकालाही ती दिसत नाही. हे काम कसं करायचं, साधारण किती साहित्य लागेल, आणि तिथे दुसरी ओळ लिहायची की भिंत कोरी ठेवायची? शेवटच्या प्रश्नावर आमच्यात एकमत नाही, म्हणून इथे विचारतोय.

ब्रश_बुरूश

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक तेच करतात. अक्षरांवर थेट प्लास्टिक पेंट मारायचा नाही. ऑइल पेंटचा पृष्ठभाग काचेसारखा असतो, पाण्याच्या रंगाला त्यावर पकड मिळत नाही. दोन हात मारले की वरून छान दिसतं, आणि सहा महिन्यांत अक्षराच्या आकाराचे पोपडे सुटायला लागतात. म्हणजे पुसलेला सुविचार पुन्हा वाचता येतो, तोही कोरल्यासारखा.

दुसरी चूक थिनर किंवा रिमूव्हरची. लोखंडी गेटवर ठीक आहे. भिंत सच्छिद्र असते, लाल रंग विरघळून आत जिरतो आणि सहा इंची अक्षराचा दीड फुटी गुलाबी ढग होतो.

आता खाली चुना आहे की डिस्टेंपर हे नक्की करा. ओला स्पंज घेऊन एका कोपऱ्यात मिनिटभर चोळा. पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि खालचा थर चिखल व्हायला लागला तर चुना. रंग थोडाच उतरला तर डिस्टेंपर. मग अक्षराच्या कडेवर सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. टेपसोबत रंगाची खपली आली तर खालचा थर सुटलेला आहे, आणि ही चांगली बातमी आहे. तीन इंची पत्र्याने अक्षरं सालीसारखी निघतील. खपली आली नाही तर खरवडत बसू नका. भिंतीला खड्डे पडतील आणि अक्षर तिथेच राहील.

न निघणाऱ्या अक्षरांसाठी क्रम असा. ८० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) ओला करून अक्षरांची चकाकी मारायची. रंग पूर्ण घालवायचा नाही, फक्त हात फिरवल्यावर खरखरीत लागला पाहिजे. शिरोरेषेवर जास्त वेळ द्या. बोर्ड रंगवणारा शिरोरेषा भरल्या ब्रशने ओढतो, तिथे रंगाचा थर सगळ्यात जाड असतो. नीट घासली नाही तर नव्या रंगाखालून बाकी अक्षरं दिसणार नाहीत, पण नऊ फुटांची एक आडवी रेघ दिसत राहील.

मग ओल्या फडक्याने पुसून एक दिवस वाळू द्या. त्यावर ऑइल प्रायमरचा एक हात, अक्षरांच्या चारही बाजूंनी फूटभर जास्त. तुमच्याकडे ते ११ बाय ४, म्हणजे ४४ चौरस फूट होतं. अर्धा लिटर प्रायमर पुरतो. रात्रभर वाळवा. त्यावर पुट्टीचे दोन पातळ हात. एक जाड हात नको, त्याला केसासारख्या भेगा पडतात. पुट्टी अ‍ॅक्रिलिकच घ्या, पाच किलोचा डबा. व्हाइट सिमेंटची पुट्टी स्वस्त असते, पण तिला सिमेंटची भिंत लागते. ऑइल प्रायमरवर ती धरत नाही, पापडासारखी सुटते.

दुसऱ्या दिवशी १८० नंबरचा पॉलिश पेपर. मग खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणारी भिंत तिरप्या उजेडात खरं बोलते. जिथे अक्षराची कड सावली टाकेल तिथे पुन्हा पुट्टी.

शेवटी पूर्ण भिंतीला वॉटर प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे, म्हणजे प्लास्टिक पेंटचे, दोन. पूर्ण भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फक्त मधल्या पट्ट्याला रंग मारला तर तोच चौकोन पुन्हा दिसणार, जो आत्ता दिसतोय. १४० चौरस फुटांना प्रायमर एक लिटर काठोकाठ होतो. इमल्शन एका हातात लिटरला १२० ते १४० फूट जातं, म्हणजे दोन हातांना सव्वादोन लिटर धरा. लिटरचे दोन डबे कमी पडतील, तिसरा घ्या, उरेल ते टचअपला ठेवा. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. पेंटर मापाबाहेर पाणी घालतो आणि मग तिसऱ्या हाताचे पैसे मागतो.

महालकर

टेप टेस्ट करून पाहिली. 'वाळूचे' मधला 'ळू' खपलीसकट निघून आला, बाकी अक्षरं घट्ट. म्हणजे मिश्र प्रकरण आहे. रंग २००८चा असल्यामुळे घासताना काही काळजी?

ब्रश_बुरूश

हो, आणि हे महत्त्वाचं आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, विशेषतः लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत. म्हणून कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर ओला ठेवूनच घासा, खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला साधा रुमाल न बांधता एन-९५ मास्क लावा. सँडिंग मशीन अजिबात नको. काम संपेपर्यंत खोलीत मुलं बसणार नाहीत आणि तिथे कोणी डबा खाणार नाही हे बघा. नंतर झाडू मारू नका, धूळ हवेत उठते. ओल्या फडक्याने दोनदा पुसा आणि फडकं टाकून द्या. जिथे 'ळू' निघालाय तिथे खड्ड्याच्या कडा घासून उतरत्या करा, आधी प्रायमर लावा, मग पुट्टी भरा.

तर्रीपोहा

मुहूर्त कधीचा काढून राह्यले भाऊ? मे महिन्यात काढत असाल तर थांबा. ४५ डिग्रीत ब्रश भिंतीपर्यंत जाईस्तोवर रंग वाळते. एका पट्ट्याची कड वाळून जाते, दुसरा पट्टा तिच्यावर चढते, अन् भिंतीवर शिवणीसारख्या रेघा दिसतात. करायचंच असेल तर सकाळी सहा ते दहा, पंखा बंद.

अन् कूलर. नागपुरात हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. खिडकीतला कूलर चालू ठेवून रंगकाम केलं तर हवेतला ओलावा भिंतीवर बसते, प्रायमर चिकट राहते. कूलरच्या खिडकीखालची भिंत तर बारा महिने ओल धरून असते. तिथे लोणा (ओलीमुळे भिंतीवर येणारा पांढरा क्षार) फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झटका, आधी गळती बंद करा. लोण्यावर मारलेला कोणताच रंग टिकत नाही.

पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही. दसरा ते दिवाळी पेंटर भेटत नाही, भेटला तर भाव ऐकून तुमचाच रंग उडते. नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत करा बाप्पा, आरामात.

मात्रावेलांटी

भिंतीचं झालं. आता ओळीबद्दल थोडं, कारण ती उतरवायला माझा पाठिंबा आहे, आणि कारण रंगाशी संबंधित नाही.

ही ओळ वामन पंडितांची, सतराव्या शतकातली. मूळ संस्कृत श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकातला: 'लभेत सिकतासु तैलमपि यत्नतः पीडयन्'. आपण पहिला चरण घेतला आणि उरलेले तीन सोडून दिले. पुढचे चरण असे जातात: तहानलेल्याला मृगजळातून पाणी मिळेल, रानात भटकताना सशाचं शिंगही सापडेल, पण हट्टी मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. संस्कृतात शेवट आहे 'न तु प्रतिनिविष्टमूर्खजनचित्तमाराधयेत्'.

म्हणजे वाळूतून तेल निघतं असं कवी सांगतच नाहीये. वाळूचं तेल, मृगजळाचं पाणी, सशाचं शिंग ही तिन्ही अशक्याची उदाहरणं आहेत. एकवेळ हेही जमेल, पण ते नाही, असा उपरोधाचा जिना आहे तो. आपण जिन्याची पहिली पायरी उचलली आणि प्रयत्नवादाचं देऊळ बांधलं. चौथा चरण बघता ती अभ्यासिकेत लावणं जरा जास्तच गमतीचं आहे.

एक बारीकशी गोष्ट. संस्कृत श्लोक पृथ्वी वृत्तात आहे, वामन पंडितांनी तो मराठीत शिखरिणीत बांधला. दोन्हीत चरणाला सतरा अक्षरं, पण लघु-गुरूचा क्रम वेगळा. शिखरिणीत शेवटची पाच अक्षरं गुरु, लघु, लघु, लघु, गुरु अशी लागतात, म्हणून तिथे 'तेलहि गळे' हवं. भिंतीवर 'ही' दीर्घ आहे. वृत्तात म्हणायला गेलं की तिथेच पाय अडखळतो. कोणाला खरं वाटत नसेल तर मोठ्याने दोन्ही म्हणून बघा.

तर्रीपोहा

म्हणजे इतकी वर्षं पोरं त्या भिंतीखाली बसून राहिले अन् भिंत त्यायलाच मूर्ख म्हणून राहिली 😄

वेलबुट्टी

मग उरलेले तीन चरणही लिहून टाकू या की. काढायचं कशाला? श्लोक पूर्ण होईल, शिवाय भिंतीला वजन येईल.

मात्रावेलांटी

वाचायला मजा येईल, पण चार चरण सहा इंची अक्षरांत म्हणजे भिंतीचा मोठा भाग भरतो. अक्षरं लहान केली तर मागच्या बाकावरून दिसत नाहीत. बोर्ड रंगवणारे दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर धरतात, पण तो हिशेब रोमन अक्षरांचा. देवनागरीत वेलांट्या, रफार, उकार वर-खाली जागा खातात, म्हणून दीड इंच धरा आणि दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतकीच मोकळी जागा सोडा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

निळीपाटी

नवीन ओळ म्हणून 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' का नाही? शहराशी नातं आहे. दीक्षाभूमी इथेच आहे.

मात्रावेलांटी

नातं तर आहेच, आणि ते १४ ऑक्टोबर १९५६च्याही आधीचं. जुलै १९४२मध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद नागपूरलाच झाली. तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी शेवटचा सल्ला म्हणून हे तीन शब्द दिले. भाषण इंग्रजीत होतं आणि तिथे क्रम 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज' असा आहे. मराठीत रूढ झालेल्या घोषणेत संघटन मध्ये आलं आणि संघर्ष शेवटी गेला. लिहिणार असाल तर कोणता क्रम घेताय हे ठरवून घ्या. क्रम बदलला की अर्थाचा जोरही सरकतो.

'अत्त दीप भव'चंही तसंच. महापरिनिब्बान सुत्तातलं वचन अनेकवचनी आहे: 'अत्तदीपा विहरथ'. भिक्खूंना उद्देशून आहे, एकट्याला नाही. लोकप्रिय रूप चुकीच्या हेतूने केलेलं नाही, पण खाली सुत्ताचं नाव लिहिणार असाल तर मूळ पाठ लिहा.

आणि एकूणच भिंतीवर नाव रंगवण्याआधी एवढं करा: ग्रंथाचं नाव, अध्याय, श्लोक किंवा ओवी क्रमांक शोधा. मग मागच्या दोन आणि पुढच्या दोन ओळी वाचा. कठोपनिषदातला 'उत्तिष्ठत जाग्रत' (१.३.१४) तपासला तर कळतं की मूळ मंत्र श्रेष्ठ गुरूंकडे जाऊन जाणून घ्यायला सांगतो. 'ध्येय गाठेपर्यंत थांबू नका' हे विवेकानंदांनी दिलेलं रूप. दोन्ही लिहिण्याजोगे, पण खाली नाव वेगळं येईल. गीतेतल्या २.४७चा पहिला अर्धा सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या अर्ध्याच्या शेवटी 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि' आहे, म्हणजे काहीच न करण्याला चिकटून राहू नकोस. तो भाग भिंतींवर फारसा दिसत नाही. स्थळ सापडलं नाही तर ओळ लिहा, नाव लिहू नका. 'जगात जो बदल हवा तो तुम्ही व्हा' हे वाक्य या रूपात गांधीजींच्या लेखनात नाही. जवळचा मजकूर १९१३चा आहे आणि तो बराच लांब आहे.

जरतर

वरची सगळी चर्चा 'कोणती ओळ' यावर चाललीये. महालकर, तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये खरा मुद्दा आहे: ओळ कोणालाच दिसत नाही. कोणतीही ओळ लिहा, महिन्या-दोन महिन्यांत तीही दिसेनाशी होणार. हलत नाही, बदलत नाही अशी गोष्ट डोळा सोडून देतो, जसा पंख्याचा आवाज.

शाळेतला आजचा सुविचार आठवा. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला, उद्या पुसला जाणारा. तो वाचला जायचा, कारण तो उद्या नसणार हे माहीत असायचं. भिंतीवर ऑइल पेंट चढवला की वाक्य संपलं.

दुसरी अडचण या ओळीच्या सल्ल्यात आहे. 'रगडत राहा' हे प्रमाण वाढवायला सांगतं, पद्धत तपासायला नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनात १०० प्रश्नांना १२० मिनिटं असतात, प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे कोणी ६५ प्रश्नांवर अडकत असेल तर आठाचे दहा तास बसून ते सुटत नाही. आधी चुकांची वर्गवारी लागते. वहीत तीन रकाने करा: माहीतच नव्हतं, वाचण्यात चुकलं, वेळ संपला. पाच सराव प्रश्नपत्रिकांनंतर कोणता रकाना जाड झाला ते बघा. पहिला असेल तर पुस्तक, दुसरा असेल तर प्रश्नातल्या 'नाही', 'फक्त', 'चुकीचे' या शब्दांना पेन्सिलने गोल करायची सवय, तिसरा असेल तर कोणते प्रश्न पहिल्या फेरीत सोडायचे ते ठरवणं. तीन वेगळे उपाय आहेत. वाळू रगडणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात.

वेलबुट्टी

पण मन उभारी धरायला काहीतरी लागतंच ना. सगळंच रकान्यांत बसत नाही.

जरतर

लागतं. म्हणून ओळ फेकू नका, तिची जागा बदला. घरच्या टेबलावरच्या, मोबाइलच्या वॉलपेपरवरच्या आवडत्या ओळीलाही हेच लागू आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एका कागदावर ती ओळ लिहा. खाली गेल्या तीस दिवसांत त्या ओळीमुळे नेमकं काय केलं ते तारखेसह लिहा. 'प्रेरणा मिळाली' चालणार नाही. '१२ तारखेला झोप येत होती तरी उरलेले २० प्रश्न सोडवले' चालेल. कागद कोरा राहिला तर ओळ आवडीची आहे, कामाची नाही. हा फरक कळला की तिला सोडणं बरंच सोपं जातं. मग कागद पाकिटात घाला, वर आजची तारीख टाका आणि ड्रॉवरमध्ये ठेवा. दीड-दोन महिन्यांनी उघडा. मधल्या काळात कुठे अडखळताना ती आपसूक आठवली असेल तर ती तुमची आहे, ठेवा. पाकीट उघडताना आत काय लिहिलंय तेच आठवत नसेल, तर रद्दी.

रिकाम्या जागी काय? तीन बाय पाच इंचाचं कार्ड, त्यावर एकच 'जर-तर' वाक्य. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९च्या लेखात हा प्रकार नीट मांडला: कधी, कुठे, काय, हे आधीच बांधून ठेवायचं. 'मी नियमित अभ्यास करीन' हे वाक्य नको. 'रात्रीचं जेवण झालं आणि ताट मोरीत ठेवलं, की लगेच टेबलाशी बसून राज्यघटनेचे २० प्रश्न' असं. 'जर'च्या जागी घड्याळाची वेळ टाकण्यापेक्षा रोज घडणारी गोष्ट टाका. साडेआठ कधी वाजून जातात कळत नाही, ताट मात्र रोज उचलावंच लागतं.

कार्ड बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यावं, जमिनीपासून साधारण ४४ ते ४८ इंच. वर लावलं की ते पुन्हा सुविचार होतं. दर महिन्याला वाक्य बदललं नाही तरी कार्ड नव्याने हाताने लिहा, कागदाचा रंग बदला. एका वेळी एकच. पाडव्याला आठ कार्डं लावणारे अष्टमीपर्यंत आठही काढतात.

निळीपाटी

२१ दिवसांत सवय लागते म्हणतात. मग महिना कशाला?

जरतर

ती २१ दिवसांची ओळही उतरवायच्या यादीत घ्या. ती १९६०च्या एका पुस्तकातून आली. लेखक प्लास्टिक सर्जन होते, आणि शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात असं त्यांचं निरीक्षण होतं. 'किमान' गळून पडलं आणि 'चेहरा'च्या जागी 'सवय' आली. वामन पंडितांच्या ओळीचं झालं तसंच. २०१०मध्ये लंडनला ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप व्हायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि अंतर १८पासून २५४पर्यंत. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. 'साखळी तुटली, आता पुढच्या सोमवारपासून' असं म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्याच दिवशी सुरू करा.

सोमवार, पाडवा, वाढदिवस हे सुरुवात करायला खरंच उपयोगी पडतात, २०१४मध्ये यावर चांगलं काम झालंय. नवी तारीख आली की जुन्या चुका मागच्या खात्यात पडतात. पण ज्याची गाडी रुळावर आहे त्याने उगाच नवी पाटी घेऊ नये, चाललेला वेग मोडतो. नवी सुरुवात अडलेल्याला द्यायचं औषध आहे.

महालकर

मग अभ्यासिकेच्या भिंतीचं असं करतो: सगळी ओळ उतरवायची, भिंत साध्या फिक्या रंगात, आणि एका बाजूला काळा फळा. दर सोमवारी वेगळ्या मुलाने त्यावर एक ओळ लिहायची, खाली ग्रंथ आणि क्रमांक. रविवारी पुसायची. ४ बाय ३ फूट पुरेल का? लाकडी फळा टांगावा की भिंतीवरच रंगवावा?

ब्रश_बुरूश

भिंतीवरच रंगवा, पुट्टी नवीन असणारच आहे. जागा मजकुराच्या जुन्या पट्ट्यावरच घ्या, कारण तिथे ऑइल प्रायमर आणि गुळगुळीत पुट्टी आधीच असेल. ४ बाय ३ म्हणजे १२ चौरस फूट, दोन हातांना ब्लॅकबोर्ड पेंट पाव लिटरच्या आसपास लागतो. अर्धा लिटर आणा, वर्षाने एक हात पुन्हा मारावा लागतो. कडेला मास्किंग टेप लावा आणि दुसरा हात पूर्ण वाळायच्या आत टेप काढा, वाळल्यावर काढली तर कड फाटते. पहिला हात आडवा, दुसरा उभा, मधे एक रात्र. रोलर चार इंची फोमचा घ्या. ब्रशच्या रेषा राहिल्या तर खडू त्यात अडकतो. खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणजे उभ्याने लिहिता येईल.

फळा रंगवल्यावर तीन दिवस हात लावू नका.

वेलबुट्टी

आणि आमच्या घरी विनाइलचं स्टिकर आहे भिंतीवर, त्याचं काय? ओढलं तर रंग निघून येतो. शिवाय एक काचेची फ्रेमही आहे, ती तलावात सोडावी का?

ब्रश_बुरूश

स्टिकरला हेअर ड्रायर, सहा इंचांवरून, एका जागी वीसेक सेकंद. कोपरा नखाने सुटला की भिंतीपासून बाहेर न ओढता भिंतीला समांतर, मागच्या मागे दुमडत हळू ओढा. उरलेला चिकटा कोमट साबणाच्या पाण्याने काढा. खोबरेल तेल काचेवर चालतं, भिंतीवर डाग पडतो. स्टिकरखालचा रंग उजळ निघेल, बाकी भिंत फिकी पडलेली असते, त्यामुळे तीही भिंत पूर्णच रंगवावी लागेल.

तर्रीपोहा

फ्रेम फुटाळा तलावात नका टाकू ताई. काच विरघळत नाही, मागची प्लाय अन् खिळे तर नाहीच. मागच्या टाचण्या पकडीने काढा, काच कागदात गुंडाळून 'काच' लिहून वेगळी द्या, चौकट फ्रेमवाल्याला द्या, तो दुसऱ्या चित्राला वापरते. देवाचा फोटो असेल तर तेवढा कागद बाजूला काढून घ्या.

मात्रावेलांटी

महालकर, पहिल्या सोमवारी फळ्यावर काय लिहिणार? सुचवू का: तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे'. इथे 'अभ्यास' म्हणजे पुस्तक वाचणं नाही, पुन्हा पुन्हा करणं. वाळूच्या ओळीचं काम ही ओळ करते, आणि हिच्यापुढे उपरोध नाही.

महालकर

ठरलं. तीन दिवस झाले की लिहायला घेऊ ना मग?

ब्रश_बुरूश

लगेच नको. आधी पांढरा साधा खडू आडवा धरून सगळा फळा घासून पांढरा करा, एकदा उभा, एकदा आडवा, मग कोरड्या डस्टरने पुसा. नव्या फळ्यावर पहिलं जे लिहाल ते बारीक छिद्रांत बसतं आणि कायमचं अंधुक दिसत राहतं. ही घासणी चुकवली तर तुकोबा पुढची पाच वर्षं त्या फळ्यावरून जाणार नाहीत. रंगीत खडू पहिला महिनाभर वापरू नका, आणि पहिले आठ दिवस ओलं फडकंही नाही.

तर्रीपोहा

डस्टर दोन घेऊन ठेवा. एक पोरं पहिल्याच आठवड्यात हरवतात.